मोठ्या डॉक्टरकडची चिठ्ठी आणि तिचे मोल



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना वाटले असेल की, हा डॉक्टर मंडळींनी आपापसांत बोलावयाचा विषय. सार्वजनिक व्याख्यानमालेत त्याचे काय काम? परंतु ज्या घरातले कोणी ना कोणी हातात फाइल घेऊन मोठ्या दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसून आलेले नाही, असे घर आपल्या गावात शोधूनच काढावे लागेल. नेहमीचे डॉक्टर नाडी पाहतात, छाती तपासतात, जरा विचार करतात आणि कागदावर चार ओळी खरडून म्हणतात, "एकदा यांना दाखवून या." ती चिठ्ठी हाती पडली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "उगीच खर्चात पाडले." दुसरा म्हणतो, "आधीच धाडले असते तर ही वेळ आली नसती." दोघेही आपापल्या जागी ठाम असतात, पुरावा मात्र दोघांपाशीही नसतो. हा पुरावा मिळवावयाचा कसा, म्हणजे रोग्याला विशेषज्ञाकडे पाठविल्याने त्याच्या प्रकृतीला नक्की किती लाभ झाला हे मोजावयाचे कसे, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

विशेषज्ञाकडे जाणारा हा ओघ केवढा असतो, ते आधी पाहू. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील व ब्रिटनमधील पाहण्यांच्या आधारे एक हिशेब मांडला. सोळा वर्षांवरील १,००० माणसे घेतली, तर एका महिन्यात त्यांतल्या सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखते-खुपते. त्यांपैकी २५० जण डॉक्टरची पायरी चढतात. ९ जणांना इस्पितळात राहावे लागते. ५ जणांना त्यांचा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरकडे धाडतो. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो अवघा एक. उरलेले पाचशे जण काढा घेऊन, शेक घेऊन किंवा नुसते पांघरूण ओढून पडून बरे होतात. यातली गंमत अशी की, भावी डॉक्टरांचे शिक्षण होते ते प्रायः त्या हजारांतल्या एका रोग्यावर. आणि व्यवसायात पडल्यावर त्यांच्यापुढे येऊन बसतात ते अडीचशे.

आपल्याकडे १९४६ साली भोर समितीने जो आराखडा दिला, त्यातही पायऱ्यांचीच कल्पना होती. खाली प्राथमिक केंद्र, मध्ये दुय्यम, वर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय, आणि रोग्याने गरजेप्रमाणे एकेक पायरी चढावी. प्रत्यक्षात शहरातला माणूस पायऱ्या सोडून थेट वरच्या मजल्यावर उडी घेतो. डोके दुखले की मेंदूचा डॉक्टर, छातीत कळ आली की हृदयाचा, पोटात गुबारा धरला की पोटाचा. मधल्या डॉक्टरची गरजच काय, असे त्याला वाटते. त्या मधल्या डॉक्टरचे काम काय असते, हे थोड्या गणिताने दाखविता येईल. आकडे आम्ही समजुतीसाठी कल्पिलेले आहेत, एवढे ध्यानात असू द्या.

समजा, एका तक्रारीचे १,००० रोगी आहेत आणि त्यांपैकी १० जणांनाच खरोखर गंभीर आजार आहे. विशेषज्ञापाशी एक चांगली तपासणी आहे. ती दहा आजाऱ्यांपैकी नऊ जणांना बरोबर ओळखते. आणि दहा निरोगी माणसांपैकी एकावर मात्र चुकून आजाराचा शिक्का मारते. हजारही माणसे थेट तिच्याकडे गेली, तर खरे आजारी ९ सापडतील. पण ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे "तुम्हाला दोष निघाला" असे ज्या १०८ जणांना सांगितले, त्यांपैकी खरा आजारी बारांत एक. बाकीचे अकरा जण रात्रीची झोप घालवून पुढच्या तपासण्यांच्या आणि कधी कधी शस्त्रक्रियेच्या वाटेला लागतात. आता मध्ये घरचा डॉक्टर बसवा. त्याने विचारपूस करून हजारांतून ५० जण निवडले आणि त्यांत दहांपैकी नऊ आजारी आले. त्याच तपासणीत आता सुमारे ८ खरे सापडतील आणि ४१ निरोग्यांपैकी ४ जणांवर खोटा शिक्का बसेल. तपासणी तीच, विशेषज्ञ तोच. पण त्याचे म्हणणे आता तिघांत दोघांच्या बाबतीत खरे ठरले. यंत्र सुधारले नाही. यंत्रापुढे येणारी माणसे निवडून आली. अर्थात याला किंमतही पडली. पहिल्या रीतीत एक आजारी निसटला होता, दुसऱ्या रीतीत दोन निसटले. जो एक जास्त निसटला, त्याच्या घरच्यांना आमचे हे गणित ऐकविण्याचे धैर्य आम्हाला होणार नाही. म्हणूनच "पाठवू नका" हे जितके सोपे उत्तर आहे तितकेच ते चुकीचे आहे. चाळणीची भोके केवढी ठेवावयाची, हा प्रश्न आहे. आणि तो नुसत्या तर्काने सुटत नाही, मोजावे लागते.

आता मोजावयाचे म्हणजे काय? पहिला मोह होतो तो चिठ्ठ्या मोजण्याचा. अमुक डॉक्टर महिन्याला चाळीस जणांना वर पाठवितो, तमुक पाचच जणांना. पहिला भित्रा आणि दुसरा धीट? की पहिला सावध आणि दुसरा बेफिकीर? की पहिल्याच्या पेठेत म्हातारी माणसे अधिक आणि दुसऱ्याच्या वस्तीत तरुण? नुसत्या संख्येवरून यांतले काहीही ठरत नाही. त्यात आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. रोगी पाठविल्याबद्दल दलाली घेणे-देणे यास भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बंदी केलेली आहे. तरीही "कट" हा शब्द मराठीत इतका रुळला की, २०१७ साली महाराष्ट्र शासनाला त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमावी लागली. चिठ्ठीमागे पैसा असल्याचा संशय एकदा आला की खऱ्या चिठ्ठीवरचाही विश्वास उडतो, आणि ज्याने खरोखरच जावयास हवे तो घरी बसतो. हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

तेव्हा संख्या सोडून परिणाम पाहावयाचा. पण परिणाम पाहतानाही डोळे फसतात. सर्वांत उघड फसवणूक अशी की, विशेषज्ञाकडे जातात ती अधिक आजारी माणसेच. मोठ्या इस्पितळात माणसे जास्त दगावतात, यावरून इस्पितळ वाईट असे म्हणणे म्हणजे आगीच्या बंबाजवळ नेहमी आग दिसते म्हणून बंबालाच दोष देण्यासारखे आहे. आकडा काढण्याची रीत चुकली तर तर याहूनही मोठे घोटाळे होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात विल्यम फार यांच्या कोष्टकावरून लंडनच्या २४ इस्पितळांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ९०.८४ असल्याचे छापले. वाचणाऱ्याला वाटावे की दहांतला एकच माणूस परत येत होता! वस्तुतः वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले होते. एका खाटेवर वर्षात दहा-बारा रोगी येऊन जातात, हे त्या भागाकारात आलेच नाही. ज्या बाईंनी संख्याशास्त्राला आरोग्याच्या कामी जुंपले, त्यांच्या हातूनही हे व्हावे! असो.

दुसरी फसवणूक अधिक गोड आहे. माणूस मोठ्या डॉक्टरकडे जातो केव्हा? दुखणे कळसाला पोचते तेव्हा. पाठीची उसण असो, अर्धशिशी असो, दमा असो, यांना चढउतार असतोच. कळसावर गेलेले दुखणे पुढे उतरणारच असते. आणि ते उतरू लागावयाला आणि मोठ्या डॉक्टरची गोळी पोटात जावयाला एकच गाठ पडते. "हाताला गुण आहे" म्हणतात तो कित्येकदा काळाचा गुण असतो. तिसरी फसवणूक वेळेची. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात ज्यांना विशेषज्ञाकडे लवकर पाठविले, ते उशिरा पाठविलेल्यांपेक्षा जास्त जगतात असे अनेक पाहण्यांत दिसते. यात काही खरा लाभ आहेच. रक्तदाब आटोक्यात येतो, पुढच्या उपचारांची तयारी वेळेवर होते. पण जो लवकर गेला त्याच्या आयुष्याची मोजणीही लवकर सुरू झाली. दोन माणसे पुण्याहून एकाच गाडीने निघाली. एकाने घड्याळ खडकीला लावले, दुसऱ्याने लोणावळ्याला. मुंबईला दोघेही बरोबरच उतरले. पहिल्याचा प्रवास लांबला असे आपण म्हणाल काय?

आता एक खरी कथा सांगतो. ती टॉन्सिलची आहे. घशाच्या दोन बाजूंच्या या गाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व इंग्लंडात अगणित मुलांच्या काढल्या गेल्या. अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशन या संस्थेने न्यूयॉर्कच्या शाळांतील अकरा वर्षांच्या १,००० मुलांची पाहणी केली आणि ती १९३४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६११ मुलांच्या गाठी आधीच काढलेल्या होत्या. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांपुढे उभी केली. डॉक्टरांनी १७४ मुलांना, म्हणजे शेकडा ४५ जणांना, शस्त्रक्रिया हवी असे सांगितले. राहिलेल्या २१५ मुलांना "यांना काही नको" असा निर्वाळा मिळाला. मग ही निर्वाळा मिळालेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी ९९ मुले निवडली; शेकडा ४६! राहिलेली ११६ मुले तिसऱ्यांदा आणखी काही डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी ५१ जणांच्या गाठी काढाव्यात असे म्हटले, शेकडा ४४. शेवटी हजारांतून शस्त्रक्रियेच्या शिफारशीवाचून राहिली ती ६५ मुले. चौथ्यांदा डॉक्टर बोलावले असते तर त्या पासष्टांचे काय झाले असते, हे आपणच ठरवा.

त्या डॉक्टरांना लबाड म्हणावयाचे काय? मुळीच नाही. शाळेतल्या मुलांची तपासणी करून त्यांना काही लाभ होणार नव्हता. त्यांच्या मनात एक अंदाज ठरलेला होता की, समोर आलेल्या मुलांपैकी निम्म्याला थोडी कमी मुले सदोष असावयाचीच. मग समोर कोणतीही मुले येवोत, त्यांतली "त्यातल्या त्यात" मोठ्या गाठींची मुले ते बाजूला काढीत. घसा घशाशी ताडून पाहिला जात होता. मुलाच्या पुढच्या प्रकृतीशी कोणी ताडून पाहिला नव्हता.

तिकडे इंग्लंडात जे. ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ साली शाळकरी मुलांच्या याच शस्त्रक्रियेचे आकडे गावोगावचे मांडले. शेजारशेजारच्या गावांत जमीन-अस्मानाचा फरक. आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांवर गरिबांच्या मुलांहून कितीतरी अधिक शस्त्रक्रिया. हवा तीच, पाणी तेच, थंडी तीच. लंडनजवळच्या हॉर्न्झी या गावची हकीकत तर नामी आहे. १९२८ साली तेथे १८६ मुलांच्या गाठी काढल्या. पुढच्या वर्षी शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले, डॉ. गॅरो आले, आणि १९२९ साली संख्या झाली १२. मुलांचे घसे गावातले तेच होते. बदलला तो चिठ्ठी लिहिणारा हात. आणि पुढच्या वर्षांत त्या मुलांचे काही बिघडल्याचे दिसून आले नाही. या शस्त्रक्रियेत दर वर्षी काही मुले दगावत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यामागे काय होते ते कळेल. हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हता.

म्हणून ती शस्त्रक्रियाच निरर्थक होती काय? तसेही नाही. पिट्सबर्ग येथे जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घसा खरोखरच वारंवार बिघडणारी मुले नेमकी निवडली. एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षे दर साल पाच वेळा, किंवा तीन वर्षे दर साल तीन वेळा घसा धरलेली, आणि तेही डॉक्टरच्या नोंदीत असलेली. अशा मुलांत शस्त्रक्रिया झालेल्यांचा घसा पुढची दोन वर्षे निश्चितपणे कमी वेळा धरला. पण शस्त्रक्रिया न झालेल्यांतही पुष्कळांचा त्रास आपोआप उतरला. कळसाचा नियम येथेही आहेच. तर एकच चिठ्ठी एका मुलाला हिताची आणि दुसऱ्याला अहिताची असू शकते, आणि त्या दोघांतली रेघ कोठे ओढावी हे गाठी पाहून समजत नाही. किती वेळा घसा धरला त्याची नोंद पाहून समजते. ती नोंद असते घरच्या डॉक्टरच्या वहीत, नाहीतर आईच्या आठवणीत. विशेषज्ञापाशी ती नसते.

सारखी माणसे सारख्या माणसांशी ताडावयाची तर उत्तम उपाय चिठ्ठ्या टाकण्याचा. हा शब्दांचा योगायोग आम्हाला आवडतो: डॉक्टरच्या चिठ्ठीचे मोल कळते ते चिठ्ठ्या टाकून! एकाच तऱ्हेचे रोगी घ्यावयाचे, निम्म्यांना वर पाठवावयाचे, निम्म्यांना घरच्या डॉक्टरकडेच ठेवावयाचे, आणि कोणी कोठे जावे हे डॉक्टरने नव्हे, रोग्याने नव्हे, तर नशिबाच्या चिठ्ठीने ठरवावयाचे. ऐकताना अंगावर काटा येतो, नाही? इंग्लंडातही आला. ब्रिस्टल शहराच्या परिसरात एच. जी. मॅथर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या सत्तर वर्षांखालील पुरुषांवर हाच प्रयोग केला आणि तो १९७१ साली छापला. रुग्णालयांत हृदयरोग्यांसाठी खास कक्ष निघू लागले होते आणि तेथे न नेणे म्हणजे पाप, अशी भावना होती. १,२०३ प्रसंगांपैकी ज्या ३४३ प्रसंगी घरी ठेवले काय आणि इस्पितळात नेले काय, दोन्ही चालेल असे डॉक्टरांना वाटले, तेवढ्यांच्याच चिठ्ठ्या टाकल्या. अठ्ठावीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण निघाले: घरी शेकडा १२, इस्पितळात शेकडा १४.

या प्रयोगाबद्दल आर्ची कॉक्रन यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. हा पाहणी-विचाराचा मोठा पुरस्कर्ता. त्याचे "परिणामकारकता आणि कार्यक्षमता" या विषयावरचे छोटे पुस्तक १९७२ साली निघाले. प्रयोगाचे सुरुवातीचे आकडे समितीपुढे ठेवावयाचे होते. फरक थोडा होता आणि तो घराच्या बाजूचा होता. कॉक्रन यांनी खोडसाळपणे स्तंभांची अदलाबदल करून, इस्पितळ सरस दिसेल असा कागद हृदयरोगतज्ज्ञांना आधी दाखविला. तज्ज्ञ संतापले, हा प्रयोग अनैतिक आहे, आजच्या आज थांबवा, म्हणाले. त्यांचे बोलून झाल्यावर कॉक्रन यांनी खरा कागद काढला आणि विचारले, आता याच न्यायाने खास कक्ष आजच्या आज बंद करावयाचे काय? सभेत शांतता पसरली. आमच्या मते या हकीकतीत हृदयरोगतज्ज्ञांचीच तेवढी फजिती नाही. तोच कागद घरच्या डॉक्टरांच्या सभेत वाचला असता तर तेथेही कोणी तरी टेबलावर मूठ आपटलीच असती.

येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. एक, बारा आणि चौदा यांतला फरक योगायोगाचाही असू शकतो. "घर चांगले" असे या प्रयोगाने सिद्ध केले नाही, "इस्पितळ चांगले याला पुरावा नाही" एवढेच दाखविले. आणि दुसरी त्याहून महत्त्वाची: कोणी आज हे ऐकून छातीत कळ आल्यावर घरी पडून राहील तर त्याचे पाप आमच्या माथी येईल! कारण मध्यंतरी इस्पितळाच्या हातातले साधन बदलले. ब्रिस्टलच्या वेळी खास कक्षात मुख्यतः पहारा होता. हृदयाचा ठोका चुकला तर तो सावरण्याची सोय होती. पण रक्तवाहिनी तुंबविणारी गुठळी विरघळविण्याचा उपाय रुळलेला नव्हता. १९८८ साली १७,१८७ रोग्यांवरच्या एका प्रचंड प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळविणारे औषध आणि साधी ॲस्पिरिन ही दोन्ही ज्यांना दिली, त्यांच्यात पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू शेकडा ८ होते. दोन्ही न मिळालेल्यांत १३.२. त्यानंतर फुग्याने वाहिनी उघडण्याची क्रिया आली. आज त्या दुखण्यात मिनिटामिनिटाला मोल आहे आणि तातडीने इस्पितळ गाठावयाचेच. म्हणजे "पाठविल्याने लाभ होतो का" या प्रश्नाचे उत्तर कायमचे नसते. वरच्या पायरीवरच्या माणसाच्या हातात असे काय आहे की जे खालच्यापाशी नाही, यावर ते ठरते. आणि हातातले बदलले की माप पुन्हा लावावे लागते.

सगळ्या चिठ्ठ्या एका जातीच्याही नसतात. काहींत निदान हवे असते, काहींत शस्त्रक्रिया, काहींत "आम्ही करतो ते बरोबर आहे ना" एवढाच कौल. काही चिठ्ठ्या रोग्याची भीती घालविण्यासाठी असतात आणि काही, स्पष्टच बोलावयाचे तर, डॉक्टरची भीती घालविण्यासाठी. धीर देण्यासाठी पाठविलेल्या रोग्यात "काही निघाले नाही" म्हणून चिठ्ठी फुकट गेली म्हणावयाचे काय? ज्या बाईला महिनाभर गाठीच्या शंकेने अन्न गोड लागत नव्हते तिला ती रात्र शांत झोप लागली, तर तो लाभच. मात्र हेही तपासलेच पाहिजे की, ती झोप टिकली का, की महिन्याने ती दुसऱ्या तपासणीसाठी निघाली. लंडनमधील मायकेल बालिंट यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात या अवस्थेला एक मार्मिक नाव दिले. त्याचा आशय "अनामिकांचे संगनमत" असा होईल. रोगी एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे जातो. प्रत्येक जण आपापला अवयव निर्दोष असल्याचे लिहून देतो. निर्णय घेतले जातात, पण ते कोणी घेतले हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे आजोबांच्या उशाशी पाच डॉक्टरांच्या पाच फायली असतात आणि कोणती गोळी बंद करावयाची हे विचारावयाला एकही डॉक्टर नसतो, तो हाच प्रकार. असल्या चिठ्ठ्यांचे मोल उणेही निघू शकते.

बॉस्टनचे एक शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी या सगळ्यावर फार साधा तोडगा सुचविला होता. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवावे: तक्रार काय, निदान काय, उपचार काय, आणि वर्षाने त्याला गाठून विचारावे, गुण आला का? आला नसेल तर का नाही? ते आपले हे मत इतक्या तीव्रतेने मांडीत की, १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील जागेचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात जे ३३७ रोगी बरे होऊन वा न होऊन घरी गेले, त्यांच्या बाबतीत घडलेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या इस्पितळांना हा कित्ता गिरविण्याचे त्यांनी आवाहन केले. त्यांच्या हयातीत तरी फारसे कोणी पुढे आले नाही. त्यांच्या कार्डात आम्ही एकच ओळ वाढवू: पाठविताना कोणता प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर परत आले का? चिठ्ठीवर "कृपया पाहावे" एवढेच लिहिलेले असेल तर वर्षाने मोजावयाचे तरी काय?

शेवटी आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण घेऊ; कारण येथवरची सगळी चर्चा ज्याला चिठ्ठी घेऊन जाणे शक्य आहे त्याच्याबद्दल झाली. गडचिरोली जिल्ह्यात नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर पुस्तकाप्रमाणे उत्तर एकच होते: रुग्णालयात पाठवा. परंतु ओली बाळंतीण, रस्ता नाही, गाडी नाही, पैसा नाही. बाळ घराबाहेर काढावयास घरचे राजी नाहीत. चिठ्ठी बरोबर होती आणि बाळे घरीच मरत होती. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या "सर्च" या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकविले. बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, संसर्गाची लक्षणे ओळखणे, आणि जरूर पडल्यास जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणे. शेजारच्या ४७ गावांत ही व्यवस्था नव्हती. तेथले जन्ममृत्यू मात्र त्याच काटेकोरपणे मोजले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ साली, हजार जिवंत जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणारी बाळे शेजारच्या गावांत ५९.६ होती, शिकविलेल्या बायकांच्या गावांत २५.५. संसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी शेकडा १६.६ होते, ते २.८ वर आले. १९९९ च्या डिसेंबरात हे "लॅन्सेट" मध्ये छापून आले. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, हा आक्षेप घेता येतो आणि घ्यावाही. पण जेथे मृत्यू निम्म्याहून कमी झाले तेथे तो आक्षेप किती पेलतो, हेही पाहावे. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाची पाहणी करू लागल्या. आणि रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तेथे तान्ह्या बाळाच्या संसर्गावर कसे उपचार करावेत याची मार्गदर्शक तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली काढली.

त्या ३९ गावांतल्या बायकांनी रुग्णालयाचे नाव टाकून दिले होते, असे मात्र समजू नये. बाळाला संसर्ग दिसला की त्या आधी रुग्णालयात न्या असेच सांगत. आईबाप नाही म्हणाले, तर त्यांची संमती घेऊन इंजेक्शन देत, आणि पुन्हा बाळाकडे जाऊन पाहत.